डाव्या दाढेची जागा

एक्स-रे तिने उजेडाच्या काचेवर लावला, चष्मा कपाळावर ढकलला आणि सवयीने आधी उजवी बाजू बघितली. खालचा जबडा, पुरुष, वय वर्षं पंचाहत्तर, देहदाता क्रमांक एकवीस. उजव्या दाढेच्या जागी एक इम्प्लांट, म्हणजे हाडात फिरवून बसवलेला धातूचा खिळा आणि वर खोटी दाढ. हाड छान, वरच्या आट्यापर्यंत चिकटून. मग डावी बाजू. तिथेही एक इम्प्लांट, वेगळ्या बनावटीचा, भोवतीचं हाड बरंच खाली गेलेलं, आणि तो जरासा कललेला. फार नाही. रांगेत उभं राहून कंटाळलेल्या माणसाने एका पायावर भार टाकावा, इतकाच. तिने कोन मोजायची पट्टी उचलून काचेवर धरली आणि आकडा वाचायच्या आधीच तिला तो ठाऊक होता. सात अंश. एकोणीस वर्षांपूर्वी एका गुरुवारी दुपारी, याच कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर, तिचा हात सात अंशांनी चुकला होता. माणूस स्वतःचं अक्षर ओळखतो, जिन्यावरचा स्वतःच्या घरच्यांचा पाय ओळखतो. स्वतःची चूकही तशीच ओळखू येते हे तिला तोवर माहीत नव्हतं. म्हणजे हा जबडा तिच्या सरांचा होता. सर गेले होते. आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, या काळ्या-पांढऱ्या फिल्मने सांगितलं होतं.

त्यानंतर तिने जे केलं ते रोजचंच होतं. एक्स-रे पाकिटात परत घातला, पाकिटावर तारीख टाकली, नोंदवहीत एकवीस आकड्यापुढे ‘मिळाला’ असं लिहिलं. दातांच्या कॉलेजच्या तळमजल्यावरची ही प्रयोगशाळा तिची होती. ज्यांनी देह दान केला आणि ज्यांच्या तोंडात इम्प्लांट होते अशांच्या जबड्याचे तुकडे इथे यायचे, आणि हिरडी वेगवेगळ्या बनावटींच्या भोवती कशी भरून येते, कुठे घट्ट बसते, कुठे नुसती टेकून राहते, हे ती कापून बघायची. कागदावर नाव नसायचं. तसा नियमच होता आणि तो तिनेच केला होता: वाचणाऱ्याला माणूस कोण ते कळता कामा नये, आणि कुठल्या बाजूला कुठली बनावट तेही कळता कामा नये, नाहीतर डोळे आपल्याला हवं तेच बघतात. कागदावर मृत्यूची तारीख मात्र असायची. तीन महिने झाले होते. त्या दिवशी आपण काय करत होतो ते तिने आठवून पाहिलं. त्या दिवशी तिने रजा काढून स्वयंपाकघरातला गळका नळ बदलून घेतला होता, आणि संध्याकाळी नळ गळत नाही या आनंदात ती आणि आई बाहेर आइस्क्रीम खाऊन आल्या होत्या. जीभ नकळत तिच्या स्वतःच्या डाव्या दाढेकडे गेली, दाढेला टेकून तिथेच राहिली. “डॉक्टर,” मामा दारात उभे होते, हातात पांढऱ्या झाकणाचा डबा, “एकवीस नंबर आजच पाण्याखाली धरू? की उद्या?” मामा प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने, करवत त्यांची, घासायचं यंत्र त्यांचं, आणि सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणायचं. “आजच,” ती म्हणाली. तिला वाटलं होतं आवाज फुटणार नाही. चांगला खणखणीत फुटला.

नियमाप्रमाणे त्याच क्षणी तिने सांगायला हवं होतं, की हा नमुना मी ओळखते, दुसऱ्या कुणाला द्या. नाही सांगितलं. धातूसकट हाड आणि हिरडी कापायची तर आधी ती महिना-दोन महिने एकामागून एक द्रावणांत बुडवून ठेवावी लागते. आतलं पाणी निघून जाऊन त्या जागी पातळ राळ शिरते आणि मग सगळं मिळून एक पिवळट, पारदर्शक दगड होतो. दोन महिने आहेत की, असं ती स्वतःला म्हणाली. संध्याकाळी घरी आईने ताट पुढ्यात ठेवलं आणि विचारलं, “काय ग, तोंड का उतरलंय?” “सर गेले.” “कुठले सर?” “आमचे.”  “ते खाचावाले?” बारा वर्षं या घरात सरांचं नाव ते होतं. नाव तिनेच ठेवलं होतं, एका रागाच्या संध्याकाळी, आणि आईने ते निरागसपणे उचललं होतं. “तू त्यांना भेटून येणार होतीस ना?” आई म्हणाली. “हो.” “कधी म्हणत होतीस?”   आईने ताटातलं निवत चाललेलं अन्न दोन बोटांनी तिच्याकडे सरकवलं, लहानपणी सरकवायची तसं.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या वर्षी सरांच्या खालच्या दोन दाढा गेल्या होत्या, डावी मार्चमध्ये तडकली आणि उजवी ऑगस्टमध्ये. दुसरा कुणी हळहळला असता. सर शीळ घालत वर्गात आले. “दोन जागा, एक तोंड, एकच थुंकी आणि एकच ब्रश,” ते म्हणाले, “याहून चांगला प्रयोग कुणाला मांडता येईल?” डावीकडे कुठेही मिळणारा, गुळगुळीत मानेचा इम्प्लांट घालायचा. उजवीकडे त्यांचा स्वतःचा. त्याच्या मानेवर, जिथे हिरडी टेकते तिथे, केसाहून बारीक गोल खाचा होत्या. मामांनी आणि त्यांनी मिळून एका जुन्या लेथवर चार महिने खपून पाडलेल्या. दाताला हिरडी धरून असते, ते शिकवताना सर फळ्यावर आडव्या रेघा ओढायचे: दातातून तंतू निघतात आणि सरळ हिरडीत घुसतात, शिवल्यासारखे. इम्प्लांटला ती अशी धरत नाही. तंतू मानेच्या बाजूबाजूने उभे जातात, गोल फिरतात, पण आत शिरत नाहीत. “शर्टाची कॉलर,” सर म्हणायचे. “गळ्याभोवती असते, गळ्याला लागलेली नसते. फट राहते. आणि फट राहिली की घाण शिरते, आणि मग आज ना उद्या सगळं बसतं खाली.” खाचा दिल्या तर तंतू आत शिरतील, हिरडी परक्या धातूला आपला म्हणून धरेल, एवढा एकच विचार त्या माणसाने वीस वर्षं डोक्यात वागवला होता. “बसवायचे तू,” ते तिला म्हणाले. ती एकतीस वर्षांची होती, नुकती शिकवायला लागलेली. एप्रनच्या खिशात सतत चिमटा असायचा म्हणून सर तिला चिमटाच म्हणायचे. “आणि मी मेलो की कापून बघायचं. घाई नाही, पण विसरू नकोस.” सगळे हसले, तीही हसली.

उजवा नीट बसला. डावा बसवताना, सुई देऊन अर्धा चेहरा बधिर केलेला, तोंडात तिची चार बोटं, नळी, कापूस, आणि सरांनी घशातून काहीतरी आवाज काढला. आं, की ऊं. तिला वाटलं थांब म्हणताहेत, दुखतंय म्हणताहेत. हात हलला. थांबली, बघितलं, तोवर भोक पडून गेलं होतं. नंतर फिल्म बघून तिला रडू यायचं बाकी होतं. “काढते आणि परत घालते, सर. तीन महिन्यांनी.” “राहू दे ग. सात अंशांनी जग बुडत नाही. कललेल्याच्या भोवती हिरडी काय करते तेही कळेल.” “तुम्ही तेव्हा काय म्हणत होतात?” सरांचा ओठ अजून बधिर होता, शब्द एका बाजूने गळत होते. “छान चाललंय, म्हणत होतो,” ते म्हणाले.

मग दर आठवड्याला सगळे पेशंट गेले की ते स्वतःच खुर्चीत चढून बसायचे आणि तोंड उघडायच्या आधी विचारायचे, “काय म्हणते आमची हिरडी?” ती आरसा घालून बघायची. पहिल्या आठवड्यात मानेभोवती रक्ताचं काळसर साकळलेलं कडं आणि वर पांढरट साय. दुसऱ्यात लाल, ओली, बोट लावलं की दुखावणारी कड. तिसऱ्या-चौथ्यात ती लाली हळूहळू आत ओढली गेली, कडा एकमेकींकडे सरकल्या. सहाव्या आठवड्यात उजवीकडे फिकट गुलाबी, टणक, संत्र्याच्या सालीसारखे बारीक ठिपके असलेली हिरडी. डावीकडेही तीच, फक्त पुढच्या दाताच्या बाजूला, जिथे तो कलला होता तिथे, एक चिंचोळी सांद राहिली होती. तिथे घास अडकायचा. तिने त्यांना एक बारीक ब्रश दिला, बाटली धुवायचा असतो तसा पण काडीएवढा, आणि तो कसा आत घालून फिरवायचा ते तीन वेळा दाखवलं. “दर सहा महिन्यांनी मी बघणार,” ती म्हणाली, “जन्मभर.” ज्या वयात जन्मभर हा शब्द सहज तोंडात येतो त्या वयात ती होती. सात वर्षं तिने तो पाळलाही. सहा-सहा महिन्यांनी सर खुर्चीत, ती आरसा घेऊन, आणि त्या वीस मिनिटांत सर बोलू शकत नसल्यामुळे तिने त्यांना आयुष्यातलं सगळं सांगून टाकलेलं. लग्न ठरलं ते, मोडलं ते, वडील गेले ते. सरांचे डोळे छताकडे असायचे आणि ऐकल्याची खूण म्हणून ते एक भुवई उचलायचे.

आठव्या वर्षी तिचा अभ्यास पुरा झाला. बासष्ट पेशंट, तीन वर्षं, निम्म्यांना गुळगुळीत मानेचे, निम्म्यांना खाचांचे. मोजपट्टी हिरडीत किती खोल जाते, रक्त येतं का, हाड किती उतरलं, सगळं मोजलं. फरक नव्हता. दशांशाच्या पुढे कुठेतरी होता, पण तो धरण्यासारखा नव्हता. बैठकीच्या खोलीत सगळा विभाग जमलेला, मामा चहाचा ट्रे घेऊन उभे. सर शांतपणे म्हणाले, “छापायची घाई करू नकोस. पट्टी किती खोल गेली ते तुला कळतं. आत कोण कुणाला धरून आहे ते पट्टीला कळत नाही. एक-दोन कापून बघायला मिळेपर्यंत थांब.” कापून बघायला मिळेपर्यंत म्हणजे कुणीतरी मरेपर्यंत. तिच्या बढतीचा अर्ज त्याच महिन्यात होता. तिने कागद सारखे केले आणि म्हणाली, “सर, तुमच्या खाचांमध्ये काय होतं ते फक्त तुम्हालाच दिसतं.” खोली हसली. मोठ्याने नाही, खोल्या हसतात तशी, नाकातून. पुढे कितीदा तरी तिने तो क्षण आठवला आणि दर वेळी इतरांचं हसू नाही, तर एक बारीकशी गोष्ट मनात खुपत राहिली: वाक्य संपल्यावर ती थांबली होती. हसायला जागा मिळावी म्हणून थांबली होती. सरांनी पेनाचं टोपण लावलं, पेन खिशात अडकवलं. निवृत्तीला दोन वर्षं असताना त्याच पावसाळ्यानंतर त्यांनी नोकरी सोडली. खाचांचे इम्प्लांट पुढे कुणी बनवले नाहीत. तिचा निबंध छापून आला, त्यात सरांचं नाव आभारातही नव्हतं. त्यांनीच काढायला सांगितलं होतं, चार ओळींच्या चिठ्ठीत, आणि खाली लिहिलं होतं, ‘काम स्वच्छ आहे. अभिनंदन.’

बारा वर्षांत ती त्यांना एकदा दिसली. म्हणजे ते तिला दिसले. चष्म्याच्या दुकानात, काचेपलीकडे, सर नवी फ्रेम लावून बघत होते आणि काकू, त्यांची बायको, त्यांच्यासमोर आरसा धरून उभ्या. सरांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली, काहीतरी म्हणाले आणि काकूंना हसू आवरेना, आरसा हलायला लागला. ती बाहेर फुटपाथवर उभी राहिली. आत जायचं, म्हणायचं, काय म्हणते हिरडी? एवढंच वाक्य होतं. ते तिने ओठांवर आणूनही बघितलं. मग एक बस आली, तिची नव्हती, तरी ती तिच्यात चढली. पुढच्या महिन्यात जाऊ, परीक्षा संपल्या की जाऊ, असं करता करता ते जाणं तिच्या मनात एका कोपऱ्यात ठेवलेल्या सामानासारखं झालं. रोज दिसतं, रोज त्याला वळसा घालून माणूस पुढे जातो, आणि मग ते दिसेनासंही होतं.

दगड तयार झाला तेव्हा मामांनी तो टेबलावर ठेवला. पिवळट राळेत जबड्याचा तो तुकडा अधांतरी थांबलेला, वर दोन खोट्या दाढा, डावी जराशी वाकून काहीतरी ऐकत असल्यासारखी. करवतीचं पाणी सुरू करायच्या आधी मामांनी हात धुतले. एरवी नंतर धुवायचे. रुमालाला पुसत पुसत ते पाठमोरेच म्हणाले, “सरांचाच ना?” तिने नोंदवही मिटली. “उजवा मी केलेला आहे, डॉक्टर. मानेला बाहेरून जरा फुगा आहे बघा, लेथ तेव्हा मार खायचा. फिल्म बघितली तेव्हाच कळलं.” “मग बोलला का नाहीत?” “तुम्ही बोलला नाहीत म्हणून.” पाणी सुरू झालं. मामांनी तुकडा पकडीत आवळला, मग पुन्हा थोडा सैल केला, जसा कुणाचा हात फार घट्ट धरला गेला म्हणून सोडावा. “मीपण हसलो होतो त्या दिवशी,” ते म्हणाले. “ट्रे हातात होता, कप वाजले.” करवतीला हिऱ्याची कणी लावलेली असते, ती धातू, हाड, हिरडी सगळं एका रेषेत कापत जाते, आणि आवाज इतका एकसुरी असतो की दहा मिनिटांनी ऐकू येत नाही. त्या दिवशी तो शेवटपर्यंत ऐकू येत राहिला. मग आठवडाभर घासणं. कागदाहून पातळ होईपर्यंत. मग तो काप काचेवर चिकटवून निळा रंग.

उजवीकडची काच तिने आधी सूक्ष्मदर्शकाखाली लावली. सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर पोर्चमध्ये पेशंटांचे नंबर पुकारत होते. साध्या उजेडात निळ्या-जांभळ्या पट्ट्या, काळा धातू, एवढंच. तिने उजेडाला एकाच दिशेत बांधणारी ती खास काच सरकवली आणि सगळं काळं झालं, आणि त्या काळ्यात फक्त तंतू उजळले, चांदीच्या तारा पेटाव्यात तसे. वरून खाली, मानेच्या बाजूबाजूने, समांतर. तिने बासष्ट पेशंटांत गृहीत धरलं होतं तसेच. ती खाली खाचांकडे सरकली. पहिली रिकामी. दुसरी रिकामी. तिसऱ्या खाचेत तंतूंची एक जुडी वळली होती, आडवी होऊन सरळ आत शिरली होती आणि खाचेच्या तळाशी टेकली होती. चौथीत तसंच. पाचवीत तसंच. हिरडीने धातूला धरलं होतं. एकोणीस वर्षं, एका म्हाताऱ्या होत चाललेल्या तोंडात, कुणी बघत नसताना धरून ठेवलं होतं. तिने डोळा भिंगावरून काढला, पुसला, परत लावला. तिथेच होते. आपण मोठ्याने “सर” म्हटलं का, की नुसतं मनात, हे तिला नंतर सांगता आलं नाही. आणि त्याच वेळी तिला हेही कळत होतं, की हे बघणं धरता येणार नाही. बाजू कुठली हे तिला माहीत होतं, माणूस कोण हे माहीत होतं, आणि आता तिला ते दिसायला हवं होतं. तिने दुसऱ्या गावच्या एका प्रयोगशाळेला पत्र लिहिलं: नमुना क्रमांक एकवीस मी ओळखला, ओळखूनही दोन महिने सांगितलं नाही, माझं वाचन बाद समजावं, काचा पाठवत आहे, आपण पाहावं. त्यांचं उत्तर यायला तीन आठवडे लागले. ‘दोन खाचांत आडवे तंतू स्पष्ट, तिसऱ्यात अनिश्चित. एकच माणूस, निष्कर्ष काढू नये.’ एवढंच. तेही बरोबरच होतं.

पण त्याआधी, त्या सकाळीच, तिने डावीकडची काच लावली होती. गुळगुळीत मानेभोवती तंतू उरलेच नव्हते. कललेल्या बाजूची ती चिंचोळी सांद खोल विहीर झाली होती, आणि विहिरीच्या भिंतीत दाटीवाटीने निळे ठिपके, सुजेच्या पेशी, हजारांनी, हाडापर्यंत. एक्स-रेमध्ये हाड गेलेलं दिसलं होतं. एक्स-रेला सूज दिसत नाही. ही महिन्या-दोन महिन्यांची गोष्ट नव्हती. वर्ष, दीड वर्ष पू झिरपत राहिलेली जागा होती ती. दर सहा महिन्यांनी कुणी आरसा घालून बघितलं असतं तर पहिल्याच खेपेला वीस मिनिटांत साफ करता आली असती.

काकूंकडे ती रविवारी सकाळी गेली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. काकूंनी साखळी न काढता फटीतून बघितलं आणि म्हणाल्या, “चिमटा.” आश्चर्य नव्हतं त्यात. “ये. चपला आत काढ, बाहेर आत्ताच पुसलंय.” खोलीत एक पलंग नसल्याची जागा होती: फरशीवर चार गोल डाग, दवाखान्यातल्या पलंगाच्या चाकांचे. भिंतीवर त्या उंचीला तेलकट हाताची एक ओळ. काकू लहान झाल्या होत्या, ब्लाउजच्या बाह्यांत दंड हलत होते. चहा ठेवता ठेवता त्या स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, “पोचले का ते तुझ्याकडे?” तिला समजायला एक क्षण लागला. “पोचले.” “लिहून ठेवलं होतं त्यांनी. तुझ्याच हातात गेलं पाहिजे, पण तुला सांगायचं नाही. तिला कळलं तर कापायची नाही, म्हणाले. कळलं तुला?” “पहिल्याच दिवशी.” “कसं काय?” “माझी चूक दिसली.” काकूंनी कप तिच्यापुढे ठेवला आणि समोर बसल्या.

“काकू, सर बरोबर होते,” ती म्हणाली. हे वाक्य तिने तीन जिने चढताना तयार केलं होतं. “निदान त्यांच्या स्वतःच्या तोंडात तरी. मी बघितलं. खाचांनी धरलं होतं.” काकूंनी मान हलवली. “बरं झालं,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “पण हे मला सांगून काय, बाळा? त्यांना सांगायचंस.” आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, दूध संपलंय म्हणून सांगावं तसं त्या म्हणाल्या.  तिने चहाचा कप उचलला आणि न पिताच परत ठेवला.

“मला एक विचारायचंय,” काकू म्हणाल्या. “तुझ्या त्या यंत्रात दिसतं की नाही माहीत नाही. तीन वर्षं ते पडून होते. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डोळ्यांनी बोलायचे. शेवटचे सहा-आठ महिने तोंडच उघडेनात. घास आणला की मान फिरवायचे. मी म्हणायचे, हट्ट करू नका, अख्खा जन्म हट्टात घालवलात. ओरडायची मी त्यांच्यावर. एकदा गाल दाबून तोंड उघडलं मी त्यांचं, चमचा आत घातला. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. मला वाटलं, अपमान वाटला असेल.” काकू टेबलावरचा नसलेला कण बोटाने गोळा करत होत्या. “दुखत होतं का ग त्यांना?”

अशा जागा बऱ्याचदा दुखत नाहीत. हे खरं होतं. पुस्तकात तसंच लिहिलेलं आहे, तीच ते वर्गात शिकवायची. ‘काकू, असं बऱ्याचदा दुखत नाही,’ एवढं म्हणून थांबलं तर खोटं ठरणार नव्हतं. काकू रात्री झोपल्या असत्या. तीही झोपली असती कदाचित. “बऱ्याचदा दुखत नाही,” ती म्हणाली आणि थांबली. काकूंचे खांदे जरासे खाली आले. ते तिला दिसलं. खाली आलेले ते खांदे बघून तिला आपण आधी एकदा कुठे थांबलो होतो ते आठवलं, आणि मग तिला थांबवेना. “पण त्यांचं फार सुजलं होतं, काकू. पू होता. एवढं झालं की चावताना दुखतं, नुसता चमचा लागला तरी दुखतं. दुखत असणार.”

“कुठे?”

“डावीकडे. मी घातलेला, तो. वाकडा बसला होता माझ्याकडून.”

काकू तिच्या आरपार बघत होत्या. “डॉक्टरांनी सांगितलं होतं, उजवीकडून गिळता येणार नाही, घास डावीकडून द्या,” त्या म्हणाल्या. “मी डावीकडूनच द्यायची. रोज तीनदा.” खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, थांब थांब, अजून ये, असं ओरडत होतं. “तोंडात कधी बघितलंच नाही मी. दातांच्या डॉक्टरच्या तोंडात मी काय बघायचं?”

“मी बघायचं होतं. सहा महिन्यांनी बघायचं ठरलं होतं आमचं. बारा वर्षं मी आले नाही.”

“नाही आलीस,” काकू म्हणाल्या. दोघींपैकी कुणीच रडलं नाही. चहावर साय धरली. काकूंनी पदराने ओठ पुसले, डावा हात गालाला लावला आणि तो तिथेच ठेवून, काहीतरी कबूल करावं तशा, भिंतीकडे बघत म्हणाल्या, “माझीपण एक दुखते. ते गेल्यापासून. वरची, मागची. कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, आता काय करायचंय.”

ती उठली. स्वयंपाकघरात जाऊन कोपरांपर्यंत हात धुतले, नखं धुतली, साबण धुतला. काकूंची खुर्ची तिने खिडकीशी ओढली, चार डागांच्या मधोमध, आणि त्यांची मान हाताने मागे टेकवली. केस विरळ, कवटी गरम, एवढीशी. फोनचा दिवा लावला. “आ करा.” काकूंनी लहान मुलीसारखे डोळे गच्च मिटले आणि तोंड उघडलं. दाढ किडकी नव्हती, सबंध हिरडी फिकट गुलाबी, ओली, जिवंत, आणि फक्त मागे, शेवटच्या दाढेभोवती, लालभडक फुगलेली. जीभ थरथरत होती. श्वास तिच्या मनगटावर येत होता. तिने बोटाचं टोक अगदी हलकं त्या कडेला लावलं आणि काकूंनी झटकन तिचं मनगट धरलं.

“दुखलं? सोडू का?”

काकूंनी मान हलवली, नाही म्हणून. मनगट सोडलं नाही. तोंड तसंच उघडं ठेवून, बोटाभोवतून, न कळणाऱ्या आवाजात त्यांनी काहीतरी म्हटलं. तिने हात हलू दिला नाही. बोट बाहेर काढलं, वाकली आणि विचारलं, “काय म्हणालात, काकू?”

“नीट बघ, म्हटलं,” काकू म्हणाल्या, आणि पुन्हा तोंड उघडलं.